चिंतामणराव देशमुख : जागतिक अर्थपरिषदेतील एक मराठी माणूस



गावात नवी सहकारी सोसायटी निघते तेव्हा पहिल्या सभेला काय काय होते, ते आपणांस चांगले ठाऊक आहे. भाग कुणी किती घ्यायचे? कर्ज कुणाला आणि कशासाठी द्यायचे? पंच म्हणून कुणाला बसवायचे? आणि जुनी येणी-देणी नव्या सोसायटीत आणायची की बाहेरच्या बाहेर मिटवायची? या चार प्रश्नांवर मध्यरात्रीपर्यंत बोलणी चालतात, कारण एकदा पोटनियम लिहिले गेले की पुढे वर्षानुवर्षे सारा कारभार त्यांच्यावरच चालायचा असतो.

अशीच एक सभा १९४४ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात ब्रेटन वुड्स या ठिकाणी भरली होती. गाव लहान, डोंगरांत वसलेले. पण तेथील एका मोठ्या हॉटेलात ४४ देशांचे प्रतिनिधी तीन आठवडे मुक्कामाला होते. दुसरे महायुद्ध अजून संपले नव्हते. युद्ध संपल्यावर जगाचा पैशाचा व्यवहार कसा चालावा, याचे पोटनियम तेथे लिहिले जात होते. त्या सभेतून दोन संस्था जन्माला आल्या. एक आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि दुसरी जागतिक बँक.

या सभेत भारताच्या वतीने बसलेल्या मंडळींत एक मराठी गृहस्थ होते. वय ४८ वर्षांचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. दिल्ली-मुंबईला त्यांना ‘सी. डी.’ म्हणत, आपण आज त्यांना चिंतामणराव म्हणू. अर्थशास्त्र जाणणारा आणि देशोदेशींच्या सभांत आपल्या देशाची बाजू मांडणारा हा माणूस सहा वर्षांनी त्याच दोन संस्थांच्या वार्षिक सभेच्या अध्यक्षपदी बसला. ते कसे घडले, आणि त्यातून तुमच्या-माझ्या घरापर्यंत काय पोचले, हे आज पाहू.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी नाते या गावी झाला. नाते म्हणजे महाड तालुक्यातील, रायगडाच्या पायथ्याजवळचे गाव. तेव्हा त्या जिल्ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत. १९८१ साली त्याचे नाव रायगड जिल्हा झाले. १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. मग केंब्रिजला गेले. आता शिक्षक मंडळींनी जरा कान द्यावा. हा पुढे अर्थमंत्री होणारा विद्यार्थी केंब्रिजला शिकला काय? तर वनस्पतिशास्त्र! १९१७ साली त्याने तेथे निसर्गविज्ञानाची परीक्षा दिली आणि वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळवले. दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९१८ साली, लंडनला झालेल्या आय.सी.एस.च्या परीक्षेत तो पहिला आला.

संस्कृत, वनस्पतिशास्त्र आणि सरकारी नोकरी. यांत हिशेबाचा धडा कोठे आला, असे कुणी विचारील. तो धडा मिळाला मध्यप्रांत-वऱ्हाडात. तेथे त्यांनी जवळजवळ वीस वर्षे नोकरी केली. जमाबंदी, पीकपाणी, तगाई, शेतसारा, प्रांताचे अंदाजपत्रक, ही सारी कामे त्यांच्या हातांखालून गेली. १९३१ साली लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या कचेरीतही त्यांनी काम केले. १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ साली उपगव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर. बँक १९३५ साली सुरू झाली होती. आधीचे दोन्ही गव्हर्नर इंग्रज होते.

गव्हर्नर झाले खरे, पण दिवस कसे होते? १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचे वर्ष. लाखो माणसे अन्नावाचून गेली. देशभर महागाई भडकलेली. रॉकेल, कापड, साखर, कशाचाच पत्ता नाही. ही महागाई आली कोठून, हे समजून घेतले म्हणजे ब्रेटन वुड्सला भारताचे गाऱ्हाणे काय होते ते कळेल.

युद्ध चालले होते ब्रिटनचे. पण तंबू, कापड, ताग, पोलाद, धान्य, चामडे असा माल ब्रिटन हिंदुस्थानातून उचलत होते. आता या मालाचे पैसे कसे मिळत होते, ते बघा. ब्रिटन आपल्या नावे लंडनमध्ये पौंड जमा करीत असे. म्हणजे वहीत नोंद करीत असे. त्या नोंदीच्या आधारावर रिझर्व्ह बँक येथे रुपयांच्या नोटा छापीत असे आणि त्या नोटांनी येथला व्यापारी, कारखानदार, शेतकरी यांचे पैसे चुकते होत. माल गेला बाहेर, नोटा राहिल्या घरात! युद्धाच्या आरंभी देशात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या. युद्ध संपता संपता हा आकडा हजार कोटींच्या वर गेला. बाजारात वस्तू कमी आणि नोटा उदंड झाल्यावर भाव चढणार नाहीत तर काय होईल?

दुसरीकडे लंडनच्या वहीत आपले येणे फुगत चालले होते. पूर्वी हिंदुस्थान ब्रिटनचा ऋणको होता. युद्धाच्या पाच वर्षांत चित्र उलटे झाले. युद्ध संपता संपता हे येणे शंभर कोटी पौंडांच्या वर गेले होते. त्या वेळी एक पौंड म्हणजे सव्वातेरा रुपयांहून थोडे अधिक, तेव्हा रुपयांत ही रक्कम तेराशे कोटींच्या घरात जाते. याला ‘स्टर्लिंग शिल्लक’ म्हणत. ही शिल्लक म्हणजे कुणाची मेहरबानी नव्हती. उपाशीपोटी राहून, अंगावरचे कापड कमी करून साठलेले ते येणे होते.

आता ब्रेटन वुड्सला चला. भारताचे शिष्टमंडळ तेथे गेले तेव्हा देश पारतंत्र्यात होता. शिष्टमंडळाचे नेते होते हिंदुस्थान सरकारचे इंग्रज अर्थसभासद सर जेरेमी रेझमन. त्यांच्याबरोबर सर थिओडोर ग्रेगरी हे अर्थसल्लागार, हेही इंग्रज. भारतीय सभासद तीन : चिंतामणराव देशमुख, षण्मुखम् चेट्टी आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफ. म्हणजे नेता परका, पण गाऱ्हाणे आपले, अशी ती अवघड जागा होती. तरीही या मंडळींनी तेथे तीन गोष्टी ठासून मांडल्या.

पहिली गोष्ट भागांची. नाणेनिधी म्हणजे देशादेशांची एक पतपेढी म्हणा ना! प्रत्येक देशाने आपला वाटा भरायचा, काही सोन्यात आणि बाकीचा आपल्या चलनात. एखाद्या देशाला परदेशी चलनाची तात्पुरती चणचण भासली तर त्याने निधीतून उचल घ्यायची आणि ठरल्या मुदतीत फेडायची. पण आपल्या सोसायटीत आणि या पतपेढीत एक मोठा फरक आहे. आपल्याकडे एक सभासद, एक मत. शंभर भाग असोत की एक, मत एकच. तेथे तसे नाही. ज्याचा वाटा मोठा त्याची मते जास्त आणि त्याला मिळणारी उचलही जास्त. म्हणून वाट्याच्या आकड्यावरून तेथे खरी झुंज होती.

शेवटी ठरलेले आकडे असे : अमेरिका २७५ कोटी डॉलर, ब्रिटन १३० कोटी, सोव्हिएट रशिया १२० कोटी, चीन ५५ कोटी, फ्रान्स ४५ कोटी आणि भारत ४० कोटी. भारतासाठी आधी धरलेला आकडा याहून कमी होता. आपल्या प्रतिनिधींनी आग्रह धरला, म्हणून तो वाढला. सहावा क्रमांक लागला. पुढे रशिया निधीत सामीलच झाला नाही, तेव्हा भारत आपोआप पाचवा झाला. पहिल्या पाच देशांना कार्यकारी मंडळावर आपला माणूस थेट नेमण्याचा हक्क होता. तो मान भारताकडे १९७० पर्यंत राहिला. स्वातंत्र्य मिळण्यापूर्वीच जगाच्या पेढीच्या पंचमंडळात आपली बैठक ठरली होती, ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरी गोष्ट विकासाची. युरोपातील देशांना काळजी होती बाँबने पडलेली घरे, पूल आणि कारखाने पुन्हा उभारण्याची. ते साहजिकच होते. पण ज्या देशांत मुळात कारखानेच नव्हते, वीज नव्हती, पाटाचे पाणी नव्हते, त्यांचे काय? पडलेले घर बांधायला कर्ज मिळणार आणि ज्याला घरच नाही त्याने झाडाखाली बसायचे का? मागासलेल्या देशांची साधनसंपत्ती वाढवणे हेही निधीच्या उद्दिष्टांत लिहा, अशी दुरुस्ती भारताने मांडली. मोठ्या देशांना ती मान्य नव्हती. ते काम बँकेचे, निधीचे नव्हे, असे त्यांचे म्हणणे. बराच खल झाला. अखेर निधीच्या उद्दिष्टांत सर्व सभासद देशांच्या उत्पादक साधनांच्या विकासाचा उल्लेख आला. पुरा विजय नव्हे. पण एक शब्द पोटनियमांत घुसला आणि तेथेच राहिला.

या कामी आपल्याला एक दूरचा सोबती होता. तो म्हणजे मेक्सिको. हा देश अमेरिकेच्या दक्षिणेला. मका हे तेथले मुख्य धान्य आणि भाकरीही मक्याचीच. जमिनीच्या प्रश्नावरून तेथे मोठी क्रांती होऊन गेलेली. त्यांचे अर्थमंत्री एदुआर्दो सुआरेस हे ब्रेटन वुड्सला एका मुख्य समितीचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या शिष्टमंडळात व्हिक्टर उर्किदी नावाचा अवघा २५ वर्षांचा अर्थशास्त्रज्ञ होता. जागतिक बँकेने पुनर्बांधणीच्या आणि विकासाच्या योजनांना सारख्याच न्यायाने वागवावे, ही कलमवारी मेक्सिकोने मांडली आणि ती बँकेच्या घटनेत आली. एकमेकांची भाषा न जाणणारे दोन देश, एक या टोकाला, एक त्या टोकाला. पण गरज सारखी, म्हणून बोलणेही सारखे! पुढे याच मेक्सिकोचे अर्थशास्त्रज्ञ आणि परराष्ट्रमंत्री राहिलेले होसे आंखेल गुर्रिया २००६ ते २०२१ अशी पंधरा वर्षे पॅरिसच्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचे प्रमुख होते. जे देश एके काळी दारात उभे राहून जागा मागत होते, त्यांची माणसे पुढे घर चालवू लागली, ती अशी.

तिसरी गोष्ट म्हणजे स्टर्लिंग शिल्लक. लंडनच्या वहीतील आपल्या येण्याचा काही भाग तरी या नव्या निधीमार्फत डॉलरमध्ये मोकळा करून मिळावा, अशी मागणी भारताने केली. ए. डी. श्रॉफ यांनी तेथे मोठा मार्मिक दाखला दिला. बँकेत दहा लाख डॉलर शिल्लक आहेत, पण टॅक्सीचे भाडे द्यायला खिशात पैसा नाही, अशा माणसासारखी आमची गत तुम्ही करता आहात, असा त्याचा आशय होता. ब्रिटनचे प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ लॉर्ड केन्स यांनी उत्तर दिले. ऋण त्यांनी नाकारले नाही, भारताचे आभारही मानले. पण हा हिशेब आमचा आणि तुमचा आहे, तो निधीच्या बाहेर मिटवू, असे सांगितले. अमेरिकेनेही साथ दिली नाही. मागणी फेटाळली गेली.

येथे भारत हरला, हे सरळ सांगितले पाहिजे. पण त्या हरण्यालाही मोल होते. ४४ देशांच्या साक्षीने ते येणे जाहीर झाले आणि ब्रिटनने ते मान्य केले. ऋणकोने चावडीवर, चारचौघांत कबूल केलेली बाकी पुढे नाकारता येत नाही. १९४७ पासून भारत आणि ब्रिटन यांच्यात टप्प्याटप्प्याने करार होत गेले. काही रक्कम निवृत्त ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनपोटी वळती झाली, काही लष्करी सामानापोटी, काही पाकिस्तानच्या वाट्याला गेली. पण उरलेल्या रकमेतून परदेशचे धान्य आले आणि पंचवार्षिक योजनांची यंत्रसामग्री आली.

मार्च १९४६ मध्ये अमेरिकेत सव्हाना येथे या दोन्ही संस्थांची पहिली बैठक झाली. तेव्हापासून सुमारे दहा वर्षे चिंतामणराव भारतातर्फे त्यांच्या गव्हर्नर मंडळांवर होते. मध्यंतरी देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली. रिझर्व्ह बँकेला काही महिने भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांचे काम पाहावे लागले. ३० जून १९४८ ला ती व्यवस्था संपली. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक राष्ट्राच्या मालकीची झाली. या उलथापालथीत नोटांचा आणि बँकांचा कारभार कोलमडला नाही. एक वाटणी म्हटली तर दोन भावांचे भांड्याकुंड्यांवरून काय होते, ते आपण पाहतो. येथे तर दोन देशांच्या तिजोरीची वाटणी होती.

पुणेकर श्रोत्यांना आवर्जून सांगायची गोष्ट म्हणजे, १९४८ साली आपल्या पुण्यात, गोखले अर्थशास्त्र संस्थेत, काळे स्मारक व्याख्यान द्यायला चिंतामणराव आले होते. विषय होता भारतातील मध्यवर्ती बँकेच्या कार्याचा मागोवा. गव्हर्नराने आपल्या कामाचा हिशेब विद्यार्थ्यांपुढे आणि जाणकारांपुढे मांडावा, ही चांगली रीत होती.

रिझर्व्ह बँकेचे काम १९४९ च्या मध्याला संपले. त्याच वर्षी सप्टेंबरात पंडित नेहरूंनी त्यांना अमेरिका आणि युरोपसाठी खास आर्थिक राजदूत नेमले. राजदूत म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मेजवान्या आणि पोशाख येतात. या राजदूताचे काम होते गहू मिळवण्याचे. देशात धान्याचा तुटवडा होता आणि रेशनवर कपात होती. अमेरिकेकडून गव्हासाठी कर्ज मिळावे म्हणून प्राथमिक बोलणी त्यांनी केली. तिकडे त्यावर पुष्कळ वाद झाले, वेळ गेला. शेवटी १९५१ साली अमेरिकेच्या काँग्रेसने १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्यातून सुमारे २० लाख टन धान्याची सोय झाली. ज्या घरांनी ते दिवस पाहिले, त्या घरांत लाल मिलोच्या आणि परदेशी गव्हाच्या आठवणी अजून निघतात.

जागतिक बँकेनेही भारताला कर्जे द्यायला याच सुमारास प्रारंभ केला. ऑगस्ट १९४९ मध्ये रेल्वेसाठी ३ कोटी ४० लाख डॉलर मिळाले. आशियातील कोणत्याही देशाला त्या बँकेने दिलेले ते पहिले कर्ज. दुसरे कर्ज सप्टेंबरात, एक कोटी डॉलरचे, आणि ते कशासाठी, ठाऊक आहे? ट्रॅक्टरसाठी. मध्य भारतात कांस नावाच्या चिवट गवताने लाखो एकर जमीन खाल्ली होती. त्याची मुळे इतकी खोल जातात की बैलांच्या नांगराला ती दाद देत नाहीत. आपल्याकडे हरळी आणि लव्हाळा शेतकऱ्याला रडवतात, त्याहून ही जात दांडगी! ती मुळापासून उपटायला जड ट्रॅक्टर हवे होते. तिसरे कर्ज एप्रिल १९५० मध्ये दामोदर खोऱ्याच्या विजेसाठी. ब्रेटन वुड्सला ‘विकास’ या शब्दावरून झालेली ओढाताण आठवा. त्या शब्दाचे इंजिन झाले, नांगर झाला, वीज झाली.

आणि मग आले १९५०. नियोजन मंडळ स्थापन झाले, त्यात चिंतामणराव सभासद होते. जूनमध्ये ते भारताचे अर्थमंत्री झाले. त्याच वर्षी पॅरिसला नाणेनिधी आणि जागतिक बँक यांची संयुक्त वार्षिक सभा भरली. तिचे अध्यक्ष म्हणून चिंतामणराव देशमुख बसले. सहा वर्षांपूर्वी ते परक्या नेत्याच्या शिष्टमंडळात एक सभासद म्हणून गेले होते. आता ते प्रजासत्ताक भारताचे अर्थमंत्री होते आणि ज्या सभेपुढे आपले म्हणणे मांडले, तिचे कामकाज चालवीत होते.

श्रोतेहो, परदेशातील मानसन्मान घरी आल्यावर उपयोगी पडतो की नाही, हीच खरी परीक्षा. अर्थमंत्री म्हणून त्यांनी पहिली पंचवार्षिक योजना तडीला नेली. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये देशातील ७५ जिल्ह्यांत आणि ६०० खेड्यांत शेतकऱ्यांच्या कर्जाची पाहणी करविली. गोरवाला समितीचा तो अहवाल १९५४ साली आला. आपल्या पुण्याचे धनंजयराव गाडगीळ त्या समितीवर होते. अहवालात काय दिसले? शेतकऱ्याने काढलेल्या दर शंभर रुपयांच्या कर्जात सहकारी सोसायट्यांचा वाटा सुमारे तीन रुपये, सरकारचा तीन रुपये, व्यापारी बँकांचा एक रुपयाही पुरा नाही. आणि सावकारांचा जवळजवळ सत्तर रुपये! या अहवालानंतर इम्पीरियल बँक सरकारने ताब्यात घेतली आणि १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक जन्माला आली. पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडण्याची अट तिच्यावर घातली होती. तालुक्याच्या पेठेत बँकेची पाटी लागली, तिची पाळेमुळे येथे आहेत.

दुसरी गोष्ट आयुर्विम्याची. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री देशमुख आकाशवाणीवरून बोलले आणि आयुर्विम्याचा धंदा राष्ट्राच्या मालकीचा होत असल्याचे त्यांनी देशाला सांगितले. देशी-परदेशी मिळून २४५ विमा कंपन्या आणि सोसायट्या होत्या. काही चांगल्या चालत. काही बुडाल्या तेव्हा विधवांचे आणि पोरक्या मुलांचे पैसे घेऊन बुडाल्या होत्या. १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात या माणसापुढे आयुष्यातला अवघड प्रश्न उभा राहिला. तो पैशाचा नव्हता. मुंबई शहर महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या अमलाखाली ठेवण्याचा निर्णय १६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी रेडिओवरून जाहीर केला. मुंबई पेटली. गोळीबार झाले, माणसे पडली. चिंतामणराव मंत्रिमंडळात होते आणि कुलाबा जिल्ह्याने १९५२ मध्ये त्यांना लोकसभेवर निवडून दिले होते. त्यांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला. अंदाजपत्रक आणि दुसरी योजना यांची कामे हातात होती. राजीनामा जुलैमध्ये मान्य झाला. २५ जुलैला त्यांनी लोकसभेत आपले निवेदन केले. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार होऊन झाला नाही आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झाली नाही, या दोन गोष्टींवर त्यांनी बोट ठेवले.

त्यांचा मुद्दा नीट ऐका. मुंबई आमची, एवढेच ते म्हणत नव्हते. निर्णय घेण्याची रीत चुकली, आणि माणसे मेली त्याचा हिशेब द्यायला हवा, असे ते म्हणत होते. जमाखर्चात एक आणा जुळला नाही तर वही मिटू न देणारा हा माणूस. माणसांच्या जिवाचा हिशेब न देता वही कशी मिटू देईल? ब्रेटन वुड्सला बलाढ्य देशांपुढे वापरलेलाच काटा त्यांनी स्वतःच्या सरकारपुढे वापरला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्यात असंख्य सामान्य लोकांचे बलिदान होते. चिंतामणरावांच्या राजीनाम्याचे वजनही होते.

पद सोडले, पण काम सोडले नाही. १९५६ ते १९६१ ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते, नंतर १९६७ पर्यंत दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्षपद त्यांनी १९४५ ते १९६४ सांभाळले. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक ते लढले आणि हरले. १९७५ मध्ये पद्मविभूषण. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख याही नियोजन मंडळाच्या सभासद आणि समाजकार्यातील मोठ्या कार्यकर्त्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला चिंतामणरावांचे निधन झाले. आणि हो, कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवादही या अर्थमंत्र्याने केला आहे! रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत बसणाऱ्याने यक्षाचा निरोप मराठीत आणला.

आता कुणी म्हणेल, हे सारे झाले जुने. आज त्याचे काय? तर त्या सभेतील पोटनियम आजही चालू आहेत. १९९१ साली परदेशी चलनाची तिजोरी रिकामी होऊ लागली तेव्हा भारताने सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण ठेवले आणि नाणेनिधीकडून उचल घेतली. पुढे ती फेडली. वाट्यावरून मते, हा नियमही कायम आहे. १९४४ मध्ये ठरलेल्या एकूण ८८० कोटी डॉलरच्या वाट्यांत भारताचा हिस्सा साडेचार टक्के होता. आज तो पावणेतीन टक्के आहे. देशाची लोकसंख्या आणि उद्योगधंदे वाढले. वाटा मात्र तुलनेने घटला. म्हणजे चिंतामणरावांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेले भांडण संपलेले नाही. ते पुढच्या पिढ्यांच्या अंगावर आले आहे.

ते भांडायला माणसे कोठून यायची? शिक्षक बंधूंनो, ती तुमच्याच वर्गांतून यायची. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचेच पाहा. सातारा जिल्ह्यातील बुध गावी त्यांचा जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण. आणि १९५१ पासून सुमारे वीस वर्षे संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक म्हणून रोमला. जगात उपाशी माणसे किती, याची मोजदाद बुधच्या या माणसाने केली. नाते काय, बुध काय, नकाशावर भिंग लावून शोधावी लागतील अशी गावे.

या माणसांजवळ काय होते? एक तर विषयाची पक्की तयारी. ब्रेटन वुड्सला भारताचे ऐकले गेले, ते आवाज मोठा म्हणून नव्हे. आपल्या मंडळींजवळ आकडे होते आणि ते बरोबर होते. दुसरे, बोलण्यात विनय, पण मागणीत माघार नाही. आणि तिसरे, पद सोडण्याची तयारी. ज्याला खुर्ची सोडता येते, त्याच्याच शब्दाला खुर्चीवर असताना वजन असते.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या सभेला जाल तेव्हा अहवाल आधी वाचून जा. ताळेबंदात एखादी रक्कम समजली नाही तर उठून विचारा. मुलांना गणिताच्या तासाला व्याजाची उदाहरणे घालाल तेव्हा ती आपल्याच गावच्या कर्जावरून घाला. जगाच्या पेढीवर आपला हिशेब मांडणारा पुढचा माणूस अशाच एखाद्या वर्गात, तिसऱ्या बाकावर बसलेला असेल. त्याला आज बेरीज नीट शिकवा, एवढेच माझे आपणांस सांगणे आहे.